अठ्ठेचाळीस सेंटीमीटर

ओरोस. अतिदक्षता विभाग, खाट चार.
भिकाजी खवणेकर, निवतीचे, वय एकसष्ट.
लेप्टो. मूत्रपिंडं थकलेली, डोळे हळदीचे,
श्वास भिंतीतून येणाऱ्या नळीचा,
रक्तदाब एका सिरिंज पंपाच्या भरवशावर,
तासाला सहा मिली.

मी मानेवर थंड जेल लावते
आणि माफी मागते, ऐकू जात नसलं तरी.
पेनासारखं टोक आधी मानेच्या नाडीवर, मग जांघेत.
एकच ठोका दोन गावांना पोचतो,
मधला उशीर मी पकडायचा.

अंतर मात्र टेपने.
यंत्रासोबतची टेप पावसाळ्यात हरवली,
ही बाबांची, कणकवलीच्या दुकानातली,
पिवळी, इंचांची बाजू पुसट.
बाबा म्हणायचे, गिऱ्हाईक श्वास सोडेल तेव्हा माप घे,
कापड ओढून कधी मोजू नको.
इथे श्वास सोडतं ते मशीन.
तरी मी थांबते.
पोट सुजलंय, टेप त्या चढावरून जाऊ पाहते,
धमनी जात नाही, ती आत आपल्या वाटेने.
म्हणून टेप अधांतरी ताठ धरायची,
दुसरं टोक सिस्टर लुद्रीनच्या हातात.
एकसष्टातून तेरा गेले,
अठ्ठेचाळीस.

चाळीस मिलिसेकंद.
म्हणजे सेकंदाला बारा मीटर.

वेग जास्त म्हणजे बरं, असं वाटतं कुणालाही.
उलट असतं.
कर्लीच्या खाडीत भरती शिरताना बघा:
खारफुटीच्या चिखलात लाट पाय पुसत येते,
मुळामुळाला थोडी थोडी देत,
परतायची तिला घाई नसते.
आणि धक्क्याच्या काँक्रीटवर?
आदळते, आल्या पावली फिरते,
मागून येणाऱ्या लाटेच्याच अंगावर जाते,
बांधलेली होडी दोघींच्या मधे.
ती होडी म्हणजे हृदय, असं
प्रबंधात लिहिता येत नाही.

दाराशी शेवंतीबाई.
संमतीपत्रावरची निळी शाई अजून अंगठ्याला.
"ह्या करून ते बरे होतले?"
"नाय ओ. हो नुसतो आकडो."
त्या रागावत नाहीत. नुसती मान हलवतात.
चाळीस वर्षं रापणीचा दोर हातातून गेलेला.
"दोर सुकलो काय ताणणा नाय, तुटता."
मग जरा थांबून,
"ह्यांचो कसो आसा?"
माझ्याकडे बारा आहेत.
बाराचं मालवणी मला येत नाही.

तिसऱ्या दिवशी पन्नास मिलिसेकंद.
नऊ दशांश सहा. पंप तीनवर आलेला.
मी खूश होते, मग स्वतःलाच दटावते:
औषध उतरलं की नळ्या सैलावणारच,
हा आकडा औषधाचा की माणसाचा
कोण सांगणार.

सातव्या दिवशी खाट चारवर
नवी चादर, वेगळेच पाय.
सिस्टर म्हणाली, पहाटे वॉर्डात हलवले.
मी नोंदवहीत लिहिलं: मापन उपलब्ध नाही.
मंगळवारी खाट दोनच्या पोरासमोर
हेच लिहिलं होतं, याच अक्षरात.
तो वॉर्डात गेला नव्हता.
रकाना दोघांना तेवढाच.

दुपारी वॉर्डात गेले. काम नव्हतं.
ते उशीला टेकून बसलेले,
शेवंतीबाई चमच्याने पेज भरवत होत्या,
निम्मी हनुवटीवर.
माझ्या खिशातून लोंबणारी टेप त्यांना दिसली.
नळीने खरवडलेल्या गळ्यातून
पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला:
"बाय, सदरो शिवतंस काय माका?"

मी टेप उलगडली, पाठीमागून फिरवली,
छातीवर दोन्ही टोकं जुळवली
आणि थांबले.

श्वास त्यांनीच सोडला.