घरात माणसं किती

दुकानातला पोरगा विचारतो,
"घरात माणसं किती?"
छातीवर नावाची पट्टी: मांतविदस.
मी म्हणते, एक.
तो मला लगेच दीड लिटरच्या फळीकडे वळवतो,
जिथली भांडी इतकी इवली
की एक कांदा आत गेला
तर दुसऱ्याने बाहेर वाट बघावी.

थांब रे बाबा.
एक म्हणजे कागदोपत्री.
शनिवारी आम्ही अकरा असतो.

जानेवारीत आमच्या इमारतीची वीज गेली,
हीटिंगही गेलं, पाच दिवस,
पानेवेझिसमध्ये, उणे एकोणीसला.
गॅसचा जुनाट ओव्हन एकट्या माझ्याकडे.
पहिल्या रात्री वरच्या मजल्यावरची लेस्या आली,
दोन पोरं अंगाला चिकटवून.
दुसऱ्या रात्री भूगोलाचे निवृत्त मास्तर आल्गिमांतस,
स्वतःची प्लेट, स्वतःचा काटा घेऊन,
जणू परदेशी निघालेत.
मग तळमजला, मग समोरचं दार.
चार किलो बटाटे हाताने किसले,
आळीपाळीने, मेणबत्तीत,
आणि कुगेलिस भाजेस्तोवर
सगळे ओव्हनकडे पाठ करून उभे.
लेस्या म्हणत होती, आमच्याकडे यात पीठ घालतात.
मी म्हटलं, घालत असतील.

पाचव्या दिवशी दिवे आले.
माणसं गेली.
शनिवारी परत आली.

माझं जुनं यंत्र बहिणीचं,
तिच्या घटस्फोटात तिच्या वाट्याला आलेलं.
त्यात चार किलो म्हणजे सहा खेपा,
आणि बटाटा कुणासाठी थांबत नाही:
सहावी खेप होईस्तोवर
पहिली गुलाबी, मग तपकिरी, मग राखेसारखी.
मध्ये कांदा किसला तर जरा दम धरते, एवढंच.
मे महिन्यात त्यातून धूर निघाला.
लेस्याच्या धाकट्याने विचारलं, "मेलं?"
मी हो म्हटलं.
त्याने टोपी काढली.

तर मांतविदस, मला असं दाखव
ज्याचं तोंड रुंद आहे,
अख्खा बटाटा गेला पाहिजे,
त्याला आधी चिरून देणार नाही मी.
तो म्हणतो, मग हे, साडेचार लिटर,
तेरा पाती, कणीक मळतं,
बर्फाचा चुरासुद्धा करतं.
बर्फ आमच्याकडे फुकट पडतो, मी म्हणते.
त्याला पहिल्यांदाच हसू येतं.

मग मी पर्समधून दोरा काढते,
ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंतचा,
गाठ मारून आणलेला.
यंत्राला लावून बघते.
यंत्र दोन बोटं उंच.
"काकू, हे बसणार नाही."
किमतीकडे बघते. तीही बसत नाही.
जरा वेळ तशीच उभी राहते, दोरा बोटाला गुंडाळत.
दीड लिटरवाल्या फळीसमोर
एक नवं जोडपं खुसपुसतंय, खूश आहे.

घरी आणलं.
कपाटाखाली बसलं नाही,
खिडकीत बसलं नाही,
फ्रिजवर ठेवलं तर माझा हात पोचेना.
शेवटी खुर्चीवर बसलं,
टेबलाशी, भिंतीकडच्या जागी.
मास्तर शनिवारी आत आले,
चष्मा पुसून म्हणाले, "हे कोण?"

चार किलो, दीड मिनिट.
पांढरंशुभ्र. एक कण काळा नाही.
सगळ्यांच्या बाह्या सरसावलेल्या
तशाच राहिल्या.
कुणी काही बोललं नाही.
माझ्याकडून दूध उगाचच दोनदा ढवळून झालं.

तेवढ्यात लेस्याने खिळ्यावरची किसणी काढली.
खिशातून दोन बटाटे.
केव्हा लपवले कुणास ठाऊक.
धाकटा आधी, मग थोरला,
भांडण, ढकलाढकली, आणि
"मावशी, रक्त!"
बघू.
काही नाही, सालटं गेलंय.
बोट चोख,
आणि सरक तिकडे,
आता मास्तरांचा नंबर.