भरतीची वाट

धोपाव्याच्या जेटीवर ओहोटी लागलेली,
आणि जमिनीपासून चार बोटांवर पोट असलेली
ती पिवळी गाडी
फेरीबोटीच्या फळीकडे बघत नुसती गुरगुरत होती.
‘घासेल,’ मी म्हटलं. ‘दोन तास थांबा.
पाणी चढलं की फळी सपाट होते.’

माझी झेन मागेच उभी. सत्त्याण्णवची.
सायलेन्सर कुर्ल्याच्या भंगारातला,
सीटा एका मेलेल्या एस्टीमच्या.
खारा वारा दरवर्षी एक दरवाजा खातो,
मी दरवर्षी लांबी भरतो, घासतो, रंगवतो.
बायको म्हणते, यापेक्षा म्हैस परवडली असती.

तो उतरला. घड्याळ बघितलं.
मग म्हणाला, बॉनेट उघडा की.
वाकून बराच वेळ काही बोलला नाही.
‘कार्ब्युरेटर स्वतः बसवलात?’
‘तीनदा.’

पाणी कधी चढलं कळलंच नाही.
भोंगा झाला तेव्हा त्याच्या पांढऱ्या बाहीवर
माझं काळं ऑइल होतं.
‘आधी तुम्ही,’ तो म्हणाला.

दाभोळची चढण लागली.
पहिली तीन वळणं
मी त्याला पुढे जाऊ दिलं नाही.
त्यानंही हॉर्न दिला नाही.