उतार

चढताना कधीच दुखलं नाही, डॉक्टर,
हे तुम्हाला चार वेळा सांगितलं
आणि चारही वेळा तुम्ही मान डोलावलीत,
जणू असलं रोजच ऐकता.
वालपाराइसोत म्हातारी माणसं चढाला शिव्या देतात.
मी उताराला देत होतो.

खांद्यावर गॅसचा सिलिंडर,
हातातल्या पान्याने त्यावर ठोकत
एकतीस वर्षं मी ही टेकडी चढलो.
पुढे झुकलेला माणूस कसाही वर पोचतो.
खाली येताना पाठ सरळ व्हायची
आणि कुणीतरी मांडीतून तार ओढत न्यायचं घोट्यापर्यंत.
चाळीस पायऱ्या, की बसकण.
पुन्हा चाळीस. पुन्हा बसकण.
सुपरमार्केटात मात्र तासभर हिंडायचो
रिकाम्या ट्रॉलीच्या दांड्यावर रेलून,
काहीच विकत न घेता.
पहारेकरी मागे मागे.

पडद्यावर तुम्ही दाखवलंत:
चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी
दोन्हीकडची घरं पुढे सरकलेली,
थेट आमच्या गल्लीसारखी,
जिथून शवपेटी उभी करून न्यावी लागते.
थोडं कोरून काढू, म्हणालात, नसांना वाट देऊ.
बारीक नळीतून. दुसऱ्या दिवशी घरी.

चीर माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी.
यास्नाने आरशात दाखवली तेव्हा विचारलं,
बाकीची कुठंय?
पोरगी हसली. मी हसलो तर टाके ओढले.
सहा आठवडे वाकायचं नाही, वळायचं नाही,
दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही.
आमचं मांजर चार किलोचं.
ते समोर येऊन बसायचं, घे म्हणून,
आणि मी, या टेकडीचा हमाल,
त्याची माफी मागायचो.

पाय दुखत नाहीत
हे कळायला तिसरी रात्र उजाडली.
फ्रिज मध्येच बंद पडल्यावर कळतं ना,
इतका वेळ काहीतरी घरघरत होतं,
तसं.

सगळं परत आलेलं नाही.
डाव्या पायाची करंगळी अजून दुसऱ्याच कुणाची आहे.
धुकं असलं की सकाळी कंबर लाकडाची.
नर्सने आकडा विचारला, शून्य ते दहा.
दोन, म्हणालो.
तिने लिहून घेतलं: दुखण्याला उतार.

तर काल निघालो तो उतार उतरायला, एका दमात.
दोनशे अकरा पायऱ्या.
चार वर्षं मला फक्त त्याच ठाऊक होत्या:
भेगा, बाटल्यांची बुचं,
ओल्या सिमेंटात उमटलेला कुत्र्याचा पंजा.
काल मान वर होती.
बंदरात तीन जहाजं, एक गंजकं,
आणि ते निळ्या पत्र्याचं घर
कुणी पिवळं करून टाकलंय,
कधी, देव जाणे.

एकशे बाविसाव्या पायरीशी दोन्या उबेर्लिंदा राहते.
चार वर्षं रोज अकरा वाजता
ती दाराबाहेर खुर्ची मांडायची.
वेताची, एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी.
कशाला, कुणासाठी, कधी बोलली नाही.
मी अंथरुणात होतो तेव्हाही मांडत होती,
यास्नाने पाहिलंय.
काल मी त्या खुर्चीवरून निघून गेलो, डॉक्टर,
झपाझप, तरण्यासारखा.

दहा-बारा पायऱ्यांनंतर थांबलो.
मागे वळलो. (वळायची आता परवानगी आहे.)
वर चढून गेलो आणि बसलो.
ती आतून म्हणाली, दुखतंय?
समुद्राकडे बघत म्हटलं, थोडं.
मग ती ओले कपडे घेऊन बाहेर आली
आणि तोंडात चिमटा धरून
पाण्याच्या बिलाबद्दल बोलत राहिली,
चांगला अर्धा तास.

तेव्हा एका दमात किती, विचारलंत,
तर ते मला अजून माहीत नाही.
ती जागा कोरी ठेवा.