पुंगळ्यांचा हिशेब

एकतीस वर्षं महालेखाकारांच्या कार्यालयात
मी परक्यांच्या खर्चावर आक्षेप लिहिले.
घरी मात्र मागच्या खोलीत,
माझं शिलाई मशीन हलवून रिकाम्या केलेल्या टेबलावर
अविनाशनं बसवलेला तो दांड्याचा प्रेस,
भिंतीला खिळ्यावर परवाना,
आणि शंभर पानी वही.
वहीवर ठळक अक्षरांत : बचत.

"हिशेब सरळ हाये," तो म्हणायचा.
"दुकानात एक गोळी बावन्न रुपये.
घरी भरली तं सत्तावीस.
पंच्याऐंशी हजाराचं सामान
चौदा महिन्यांत फुकट.
पुंगळी तं आपलीच ना बाप्पा,
उडाली, पडली, उचलून आणली."

आणायचा खरा.
रेंजवर गुडघे टेकून वेचलेल्या,
दुसऱ्यांनी सोडून दिलेल्यासुद्धा.
दोनचार वॉशिंग मशीनमध्ये खडखडायच्या.
चिंचेच्या कोळात घासून
तो त्या गच्चीवर वाळत घालायचा
माझ्या कुरडयांना लागूनच, एकाच जुन्या धोतरावर.
किंमतकर काकू पलीकडून विचारत्या झाल्या,
"ह्या कशाच्या वड्या घातल्या वं?"

मे महिना. पारा शेहेचाळीसवर.
इतवारीच्या सराफ्यातून आणलेला काटा
कुलरच्या वाऱ्यानं थरथरतो,
म्हणून कुलर बंद.
पंखाही बंद.
आत तो बनियनवर,
नाकाच्या शेंड्यावरचा घाम मनगटानं अडवत
गुंजेहून हलकं काहीतरी तोलतोय.
बाहेर मी, आणि वाळ्याच्या कोरड्या ताट्या.
त्या महिन्यात विजेचं बिल कमी आलं.
तेही त्यानं बचतीत धरलं.

निवृत्त झाल्यावर पहिल्याच सोमवारी
मी ती वही तपासायला घेतली.
आधी महिन्याला शंभर गोळ्या : पाच हजार दोनशे.
आता महिन्याला अडीचशे : सहा हजार सातशे पन्नास.
समासात लिहिलं :
स्वस्त पडते म्हणून जास्त उडते.
खर्च वाढला आहे, खुलासा करावा.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"अन् तुह्या कुरडया?
तीन दिवस गहू भिजवते, पहाटे चारला चीक शिजवते.
गोकुळपेठेत पाकीट भेटते.
मजुरी लावली का कधी?"
मी आक्षेप प्रलंबित ठेवला.

पूर्ण वहीत निखळ बचतीचा महिना एकच सापडला.
दोन हजार एकोणीसचा नोव्हेंबर.
भरल्या शून्य, उडवल्या शून्य.
रामदासपेठेतल्या दवाखान्यात
तो सव्वीस दिवस छताकडे बघत पडला होता,
आणि उजव्या हाताची बोटं पांघरुणावर
काहीतरी चिमटीत धरल्यासारखी.
त्या पानावरही त्यानं नंतर
रेघ मारून, बेरीज करून,
खाली सही केली आहे.
सही वाकडी आहे.

आता हात हलतो. रेंजवर जात नाही.
सदरच्या ठाण्यात पिस्तूल जमा केलं,
पावती माझ्या कपाटात.
मुलगा फोनवर विचारतो,
"आई, बाबांचे खरंच वाचले का गं काही पैसे?"
मी सांगते, तपासणी चालू आहे.

भांडेवाला पितळेचा भाव किलोवर सांगून गेला.
पिंपात साडेनऊ किलो पुंगळ्या भरल्या.
जमेच्या बाजूला लिहायला पेन उघडलं
तर आतून हाक आली,
"कुलर बंद कर ना थोडा वेळ."

काट्यावर काही नव्हतं.
तो नुसता बघत बसला होता
काटा शून्यावर थांबतो का ते.
मी बटण दाबलं.
पंख्याचंही दाबलं.
आणि घामेजत त्याच्या बाजूला
स्टुलावर बसले.