डावा हात

जालन्याच्या मिशन कंपाउंडात, शनिवारी सात वाजता
एकोणीस माणसं, चार आवाज आणि एक पेटी,
जिची काळी दोन दाबली की वर येत नाही.

मी हात उचलते.
हात उचलण्यात विशेष काही नसतं
हे कळायला मला अकरा वर्षं लागली.
असतं ते त्याच्या आधी. मी श्वास घेते
आणि एकोणीस छात्या भरतात.
मी तो चोरटा घेतला, तर सूर भेदरलेला येतो.

प्रभुदास खरात रोलिंग मिलमधून थेट येतो,
कानात दिवसभराचं लोखंड घेऊन.
दर कडव्याला पाव मात्रा मागे.
मी भुवई चढवायची, तो आक्रसायचा,
आणि धास्तीनं आणखीच उशीर.
एकदा सगळ्यांदेखत बोलले, "ऐकू येत नाही का?"
"उजव्यानं नाही येत, बाई."
एस्तर बोर्डेनं वहीचं पान उलटलं. उगाच.

पुढच्या शनिवारी त्याला माझ्या डाव्या टोकाला घेतलं,
चांगला कान बाकीच्यांकडे.
उजवा हात सगळ्यांचा.
डावा कमरेपाशी, जरासा आधी उघडतो,
चुलीवरचं भरलं पातेलं दोघींनी उतरवताना
एकीनं नुसतं "हं" म्हणावं, तसा.

ईस्टरला पाळकसाहेबांनी विचारलं,
त्या हातानं नेमकं काय करता?
म्हटलं, काही नाही, सवय.

शेवटच्या आमेनला तो अजूनही मागेच असतो.
तो पोचेपर्यंत
मी मूठ मिटत नाही.