पालथा दगड

लॅकलन नदीपासून हाकेच्या अंतरावर
आमचं घर. म्हणजे होतं. आता वाळवीचं आहे.
मंगळवारी मी पहार घेऊन गेलो,
म्हटलं, पाडण्याआधी दारातला दगड तेवढा काढून घ्यावा.
चार पिढ्यांचे बूट त्यावर पुसलेले.
बाप त्यावर बसून लोकर कापायच्या कात्र्या परजायचा,
इडिथ आत्याची हनुवटी त्यावरच फुटली,
आणि मला आई सांगायची,
दगडापलीकडे जायचं नाही, साप असतात.

उचकटला. उलटला.
खाली ओल, गोम, एक गंजलेली बकल,
आणि दगडाच्या पोटात खळगा.
लांबट, गुळगुळीत, जणू
पण नको. उपमा नको.
दगडावर दगड फिरवून फिरवून
वर्षानुवर्षं कुणी दाणा दळला, की पडतो
तसा खळगा.

घरात एक वही आहे, जेबेझ ट्रेगेन्झाची,
माझ्या पणजोबांच्या वडिलांची. अक्षर मोत्यासारखं.

*मे तीन. मेंढ्या सहाशे चौदा. पीठ दोन पोती, एकात किडे.*
*मे सात. मेंढ्या सहाशे दोन. पुन्हा भाले.*
*मे नऊ. मी, गिलक्रिस्ट, त्याची दोन माणसं. घोड्यावर. नदीच्या वळणापर्यंत.*
*मे दहा. पाऊस नाही.*
*मे अकरा. सपाट दगड एक, दारासाठी, वळणावरून आणला. बैल दमले.*

नऊ आणि दहाच्या मध्ये शाईचा एक ठिपका आहे.
लेखणी तिथे टेकली असणार, उचलली गेली नसणार.
किती वेळ, ते शाई सांगत नाही.
लहानपणी मला तो माशी वाटला होता.
मी हाकलला होता हातानं.

नॉरीन आंटींना फोन केला.
फोनवर काय बोललो, आठवत नाही,
फक्त "खळगा" हा शब्द दोनदा बोललो एवढं खरं.
भाचीच्या गाडीतून आल्या. गुडघे दुखतात,
तरी खुर्ची नको म्हणाल्या, मातीतच बसल्या.
तळवा खळग्यात ठेवला.
बसला नाही बरोबर, चहूबाजूंनी जागा उरली.
"मोठ्या हातांची होती गं बाई,"
त्या भाचीला म्हणाल्या, आणि हसल्या.
मला हसण्याची अपेक्षा नव्हती.
मी रडणं सोसायच्या तयारीत उभा होतो.

विचारलं, नाव ठाऊक आहे का तिचं?
"असेल.
गेलेल्यांचं नाव आम्ही घेत नाही."
वहीतही नाव नाही.
पण ते न घेणं वेगळं.
मी ती वही काखेत धरून होतो,
आणि काखेला घाम येत होता.

मग त्यांनीच विचारलं, काय दळायचे माहीत आहे?
कुंपणाकडे बोट केलं.
वरीएवढ्या दाण्याचं गवत, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं.
दर ऑक्टोबरात मी त्याच्यावर औषध मारतो.
डब्यावर त्याचं चित्र आहे, लाल फुली मारलेलं.

तुमच्याकडे न्यायचा का, म्हटलं.
"कुठे नेऊ? तो काय परगावचा आहे?
वळणावर ठेव. आणि उताणा ठेव."

ट्रॅक्टरच्या पुढच्या फावड्यात घालून नेला.
भाची चालत पुढे, आंटी माझ्या शेजारी,
इंजिनाच्या आवाजात कुणालाच बोलावं लागलं नाही.
लाल गमच्या बुंध्यांवर पुराच्या खुणा,
एका फांदीवर काकाकुवे, नेहमीसारखे भांडत.
ठेवताना आंटींनी दोनदा दिशा बदलायला लावली.
का, ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
मग मला म्हणाल्या, तू जा आता,
आणि मी गेलो.

घराशी आलो तर दारात
सवयीनं पाय उंच उचलला.
तिथे पायरी नव्हती.
पडलो नाही, पण ठेच लागावी तसं झालं,
नसलेल्या दगडाची.