मान्यवर

धरणानं जुनं गाव गिळलं, नवं काठावर बसलं,
तेव्हापासून या पाण्याला आम्ही समुद्रच म्हणतो.
खरा कुणी पाहिलाय?
उत्रेश्वर लहाडेनं. जहाजावर होता, इंजिनात.
म्हणून स्टँडवरच्या फळ्यावर त्याचं नाव पहिलं.

दुसरं कौतिकराव सभापतींचं.
फळा त्यांनीच दिला.
तिसरं नसरीनचं, राज्यात थाळीफेकीत दुसरी आलेली;
ती जालन्याला दिली, थाळी इथंच राहिली,
आईच्या लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून.

सोनाजी भोयाचं नाव नव्हतं.
बुडालेला माणूस तिसऱ्या दिवशी
कुठं वर येणार, त्याला वाऱ्यावरून कळायचं.
एक्केचाळीस काढले.
पैसे नाही, एक विडी घ्यायचा,
तीही दुसऱ्यानं पेटवून, हात ओले म्हणून.

गफूर पेंटर शिडीवरून म्हणाला,
एका ओळीची जागा उरलीय, बोला.
कुणी बोललं नाही.
एक्केचाळिसातला एक
गफूरचा धाकटा होता.

त्यानंच ब्रश बुडवला
आणि खाली वळून विचारलं, आडनाव?
भोई तर जात झाली.
आडनाव कुणालाच येईना.

मग त्यानं नुसतं 'सोनाजी' लिहिलं.
पुढं बरीच जागा सोडली.
रंग ओला होता तोवर
पैठणची गाडी लागली.